भरल्याशिवाय

ढवळू जव्हार-जामसर जीप चालवतो, त्याला बावीस वर्षं झाली. दहा माणसं भरल्याशिवाय ती जीप हलत नाही. मी जामसरच्या शाळेत मास्तर आहे. भरायची वाट बघण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि त्याबद्दल मी ढवळूला मनातून कधी माफ केलेलं नाही. तो मात्र शांत. "भरली का सुटू, सर," म्हणतो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढतो. पहाटेपासून तीच ती वळणं घेऊन माणूस दमणार नाही तर काय!

त्याची मुलगी हर्षदा आश्रमशाळेत शिकली, नर्स झाली आणि तिला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. ढवळूने आकडे पाठ करून ठेवले होते. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तास. जीपमध्ये बसेल त्याला ऐकवायचा. ती परत येणार दोन वर्षांनी. ठाण्याच्या होस्टेलवरून ती परस्पर विमानतळावर जाणार आणि हा तिला तिथे भेटणार, असं ठरलं होतं.

त्या दिवशी सकाळी सातपासून तो स्टँडवर ओरडत होता, "विक्रमगड, मनोर, बोरिवली!" एवढ्या लांब रिकामी गाडी न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. साडेनऊला दहावा माणूस मिळाला. तो मी.

मनोरच्या पुढे मी सहज विचारलं, "विमान कितीचं रे?"

"दोनचं. पन तीनशे शिटा हायेत, सर. भराय येळ लागंल. पोरीला तीन तास आधी बोलावलंय, ते भरायलाच ना?"

मी ओरडलोच, "अरे, ते कुणाची वाट बघत नाही!"

त्याचा चेहरा उतरला. त्याने गाडी दामटली, पण हायवेला ट्रकांची रांग लागली होती. हर्षदाचे फोनवर फोन. "बाबा, कुठं हायेस?" साडेबारापर्यंत ती बाहेर उभी राहिली, मग तिला आत जावंच लागलं.

बोरिवलीला सगळे उतरले. मला उतरवेना. ढवळूबरोबर विमानतळावर पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. दारावरच्या जवानाने तिकीट मागितलं. ढवळूने खिशातून लायसन काढून पुढे केलं. मला त्याची इतकी कीव आली, की मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. ती विमानात बसली होती, रडत होती. ढवळूने स्पीकर लावला.

"भरलं का गं इमान?"

"नाय, बाबा. माझ्या बाजूच्या दोन्ही शिटा रिकाम्या हायेत."

"मंग सुटतंय कसं?"

"टाइम झाला, बाबा."