सरकारी चिंचेचं जळण

समस्त लहानथोरांना कळवण्यात येतं की, पुढची बातमी अत्यंत गंभीर आहे. ज्यांना हसू आवरत नाही त्यांनी आत्ताच उठून चहा ठेवायला जावं. टीव्ही बंद करावा, गुडघेदुखीवाल्यांनी खुर्ची घ्यावी, आणि मन घट्ट करून ऐकावं: मी, माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारी, चारचौघांत बाई म्हणून ओळखली जाणारी, फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराची थोरली सून, रस्त्यावर पडलेली लाकडं उचलते.

झालं. सांगून टाकलं. आता माहेरच्या माणसांनी माझं काय करायचं ते करावं.

मी मूळची सांगलीची. आमच्या गल्लीत जळण म्हणजे गॅसची टाकी, आणि ती संपली की शेजारच्यांची टाकी. लग्न होऊन कराडजवळच्या या गावात आले, तर न्हाणीघरात तांब्याचा बंब उभा. त्याच्या पोटातल्या नळीत सकाळी काटक्या-ढलप्या सारायच्या, वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत पाणी घ्यायचं. पुढं छपरावर सोलर आला, पण सासऱ्यांनी त्या पाण्याला कधी अंग लावलं नाही. "ऊन पडंल तवा आंघूळ करायला मी काय म्हस हाय व्हय?" असं ते म्हणत. मग बंब राहिला, आणि बंबाला रोज खायला लागतं म्हणून मी रस्त्यावर उतरले.

एकदा नजर बसली की माणूस वाया जातो. मला झाडावरचा पक्षी दिसत नाही, झाडावरची वाळलेली फांदी दिसते. औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. सगळे डोंगराखाली उभे राहून वर कळस बघत होते. मी वाटेवर कुणीतरी छाटून टाकलेल्या बाभळीकडं बघत होते. येताना गाडीच्या डिकीत प्रसाद, त्याच्याखाली बाभूळ. नवरा पुढं बसून काच वर करून घेतो आणि समोर बघत राहतो, जणू मागं लाकडं भरणारी ही बाई भाड्यानं आलेली आहे.

"अगं, पगार घेतेस ना तू?" तो एकदा म्हणाला.

"घेते. पण पगार बंबात घालता येत नाही."

मला खरा ताप होतो तो फुकट जाणाऱ्या लाकडाचा. लग्नाचा मांडव निघाला की मोडके बांबू तिथंच पेटवून देतात. कराडला फरशीच्या दुकानामागं खोक्यांची चांगली फळकुटं पावसात कुजत पडलेली असतात. विचारायला गेलं की दुकानदाराला संशय येतो, आणि विचारलं नाही तर तो ती संध्याकाळी कचऱ्याबरोबर जाळतो. विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडतात आणि ओढ्यात ढकलतात. ओढा तुंबला की पुन्हा मशीन आणून त्या काढतात आणि पलीकडच्या ओढ्यात टाकतात. जाळायचं असतं सगळ्यांनाच. फक्त ज्याला ऊब हवी त्याच्या घरी नको, उघड्यावर हवं. या एका गोष्टीवर विचार करत बसलं की मला माणसांविषयी फार आशा वाटेनाशी होते. मी हसत हसत सांगते म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मजेत आहे.

मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोष्ट वेगळी होती. त्यांना लाकूड बंबासाठी नको होतं. त्यांना ते स्वतःसाठी हवं होतं.

त्याचं असं झालं. त्यांचा एक जोडीदार होता, शेजारच्या आळीतला. दोघं एकाच पलटणीत होते. तो ऐन आषाढात गेला. पाऊस थांबेना. आमच्याकडं अजून पद्धत आहे, कुणी गेलं की भावकीतल्या प्रत्येक घरातून थोडं जळण, थोड्या शेण्या स्मशानात पोचतात. पण आता घरोघरी गॅस. कुणाकडं ओल्या फांद्या, कुणाकडं भिजलेल्या शेण्या, कुणी नुसतेच छत्री घेऊन आले. सरण पेटेना. डिझेल ओतलं, साखर टाकली, शेवटी कुणीतरी पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणले. काळा धूर नदीवरून पसरला. मामंजी शेवटपर्यंत तिथंच उभे होते. मग घरी आले, आंघोळ केली, आणि ओल्या अंगानं दारात उभं राहून म्हणाले, "माझ्या येळंला टायर न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून जनावरं विकून रिकामा पडलेला गोठा त्यांच्या ताब्यात गेला. मी जे काही आणीन त्याची तिथं तपासणी होई. चांगलं, जाड, जड लाकूड डाव्या भिंतीला, म्हणजे त्यांचं. उरलेलं उजव्या भिंतीला, म्हणजे बंबाचं. मी फरशीच्या दुकानातली फळकुटं मोठ्या अभिमानानं आणली तर त्यांनी एक उचलून नुसतं हलवलं.

"हे कागदागत जळतंय. ह्याच्यावर माझं तंगडं बी शिजायचं न्हाई."

"मामंजी, जेवणाच्या वेळी तरी."

"जेवताना मरत न्हाई व्हय माणूस?"

थंडीत बंबाची भिंत रिकामी झाली की मी हळूच डाव्या भिंतीवरून एखादा बाभळीचा तुकडा उचलायची. त्यांना कळायचं. "सूनबाई, आज माझा हात जाळलास जणू," असं म्हणत ते त्याच पाण्यानं मजेत आंघोळ करायचे. शेजारणींना हे अशुभ वाटे. आम्हा दोघांना ते घरातलं एकमेव नाटक वाटे, आणि आम्ही ते रोज लावायचो.

मग एका सकाळी त्यांनी डाव्या भिंतीतलं एक लाकूड ओढलं आणि ते हातातच भुगा झालं. आतून वाळवीनं सगळी रास पोखरली होती. वरून साल शाबूत, आत माती. मी झाडू घेऊन आले. ते उकिडवे बसून एकेक लाकूड टोकरत होते, आणि एकेक खाली ठेवत होते. त्या दिवशी नाटक झालं नाही.

"पावसाच्या आत परत जमवू," मी म्हणाले.

"जमव," ते म्हणाले. "औंदा पाऊस काढीन असं वाटत न्हाई मला."

अशा वेळी आमच्या गावावरून जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं.

दोन्ही बाजूंना जुन्या चिंचा होत्या. इतक्या जुन्या की रस्ता त्यांच्यासाठी केला असावा असं वाटायचं. शाळेला जाताना उन्हाळ्यातही डोकं तापत नसे. एका आठवड्यात करवतींनी सगळं उजाड केलं. मी स्कूटर थांबवून रडले. अगदी खरंखुरं रडले. आणि रडता रडता मनात हिशेब चालू होता की ही फांदी मामंजींच्या पायांना, ती छातीला, आणि बारीक सगळं बंबाला. चिंचेचं लाकूड. जड, कडक, निखारा धरून ठेवणारं. गावाला वर्षभर पुरून उरलं असतं.

मोठी खोडं ट्रकमधून कुठल्याशा करवतखान्याला गेली. मागं राहिल्या मांडीएवढ्या फांद्या, बुंध्यांचे ओंडके, मुळं. रस्त्याकडेला लांबच लांब रास. मामंजी धोतर सावरत मुकादमाकडं गेले. रस्त्याच्या कामावरचा तो माणूस, तोंडात गुटखा, पण बोलणं मऊ.

"सरकारी माल हाय, आबा. ह्याचा लिलाव व्हनार. लिलाव झाला की उरलंसुरलं तुमचंच. पर तवर कुणी हात लावायचा न्हाई बघा."

बस्स. एवढंच बोलला. पण माझ्या सासऱ्यांना तो हुकूम झाला. घरी आले, जुना फौजी कोट अंगात घातला, काठी घेतली, प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, आणि रस्त्याकडेला जाऊन लाकडांसमोर बसले. पहाऱ्यावर.

पहिल्याच सकाळी बायका आल्या. कोयते, दोर, चुंबळी घेऊन. त्यांच्या घरात गॅस आहे, पण टाकी भरण्यापेक्षा चूल पेटवणं परवडतं अशी ती घरं. मामंजींनी काठी आडवी धरली.

"हात लावायचा न्हाई. सरकारी हाय."

"आवं आबा, सरकारला काय भाकऱ्या थापायच्यात व्हय?" पुढची म्हणाली.

"लिलाव व्हनार हाय."

"व्हनार, व्हनार! तुमाला पेन्शन देतंय म्हून सरकार तुमचा जावई झाला काय?"

"पेन्शन न घेता बी सांगतो. मागं फिरा."

मागची एक लांबूनच ओरडली, "ऱ्हाऊ द्या गं. आबांनी जावयाची लाकडं राखल्यात!" सगळ्या खिदळल्या आणि गेल्या. जाता जाता दोघींनी चार काटक्या उचलल्याच. मामंजी त्यांच्या मागं पाटापर्यंत गेले आणि काटक्या परत आणून राशीवर ठेवल्या.

मग मी गेले. शाळा सुटल्यावर, स्कूटरच्या पुढच्या जागेत पोतं पसरून. सून आहे, अडवणार नाहीत असं वाटलं.

"कुठं?"

"मामंजी, मी आहे."

"दिसतंय. घरात सून हायस. हितं चोर हायस."

"अहो, हे तुमच्यासाठीच आहे ना? डाव्या भिंतीसाठी?"

ते खुर्चीत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हूनच म्हणतो. चोरीच्या लाकडावर मला झोपवू नगंस."

मी पोतं घडी करून परत आले. चिडले होते, हसूही येत होतं, आणि त्या म्हाताऱ्याच्या सरळपणाला कुणीतरी फसवणार हे मला तेव्हाच पोटात कळलं होतं. कळून काय उपयोग? मी कराडला सरकारी कचेरीत गेले. पहिल्या टेबलावर म्हणाले, रस्ता आमचा आहे, पण झाड आमचं नाही. दुसऱ्या इमारतीत म्हणाले, झाड उभं होतं तेव्हा आमचं होतं, पाडल्यावर आमचं नाही. मी विचारलं, मग आत्ता ते कुणाचं आहे? तिथला माणूस बराच वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात ना? मग तुम्हाला समजायला हवं." मला आजतागायत समजलेलं नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. मामंजी उन्हात बसत. दुपारी मी डबा पाठवायची. त्यांनी मुकादमाला भेटेल तेव्हा विचारावं आणि त्यानं "व्हनार, आबा, व्हनार" म्हणावं. उन्हात लाकूड असं काही वाळलं की फांदीवर काठी मारली तर घंटेसारखी वाजे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाजवून दाखवत. घरी आल्यावर सांगत, "बुंध्याचं सोड, ते फुटायचं न्हाई. पर फांद्या एक गाडीभर मिळाल्या तरी माझं भागलं. उरंल ते तुझ्या बंबाला." इतके खुशीत मी त्यांना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

मृगाच्या तोंडाशी, आभाळ भरून आलं होतं त्या सकाळी, मी शाळेत प्रवेशाच्या कामाला निघाले आणि वळणावर धूर दिसला. वाटलं, कुणी शेताचा बांध जाळत असेल. पुढं गेले तर जेसीबी सगळी रास ओढून ढीग करत होता आणि एक, दोन, तीन, पार पुलापर्यंत ढीग पेटलेले. चिंच एकदा नीट पेटली की तिला धूर फार नसतो. लाल, स्वच्छ, सरळ जाळ. रस्त्यापलीकडं उभी होते तरी गालाला चटका बसत होता. इतकी सुंदर आग मी बंबात कधी पाहिली नव्हती.

मी मुकादमाला गाठलं. "लिलाव होणार होता ना?"

"कुणी आलंच न्हाई, बाई, लिलावाला. वरनं फोन आला, पावसाच्या आत साइट साफ करा."

"मग गावाला सांगायचं होतं! तासाभरात उचललं असतं लोकांनी!"

"तसं द्यायचा आर्डर न्हाई."

"आणि जाळायचा आहे?"

त्यानं खांदे उडवले. त्याच्यावर तरी काय चिडायचं? त्याच्या डोळ्यांत धूर गेला होता, तो डोळे चोळत होता. मी पदर खोचला आणि कडेच्या ढिगातून एक फांदी ओढायला गेले. हात भाजला, फांदी हलली नाही. कोयते आणि दोरवाल्या त्याच बायका पलीकडच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खिदळायला हवं होतं. एकीनं डोक्यावरची चुंबळ काढून काखेत धरली.

मामंजी मागून आले. कोट घातलेला, खुर्ची हातात, रोजच्यासारखे पहाऱ्याला. कुणी त्यांना सांगायचं धाडस केलं नव्हतं. ते खुर्ची खाली ठेवायची विसरले. ढीग बघितले, पुलापर्यंत नजर टाकली, आभाळाकडं बघितलं. पहिले थेंब पडायला लागले होते, पण त्या आगीपर्यंत एकही पोचत नव्हता. मी त्यांच्याकडं धावले, भाजलेला हात पाठीमागं लपवून. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं, आणि त्या शांततेत माझे सासरे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले:

"आरं, घाई काय हुती रं? मी अजून मेलो न्हाई की!"