तीन महिन्यांत वीणा

गोमतीबाई राव यांचा आवाज कधी चढत नसे. शिष्येचं बोट वीणेच्या तारेवर चुकीच्या जागी पडलं, तर त्या आपलं बोट योग्य जागी ठेवून दाखवत, एवढंच. तमिळनाडूत कुंभकोणममधल्या त्यांच्या घरी मुली शिकून गेल्या, संसाराला लागल्या आणि आपल्या लेकींना घेऊन परत आल्या. अशा बाईचा संताप सतीशकुमारनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतला.

हल्ली आईबाप शिक्षक शोधतात ते फोनवर. नवी मुलं येईनाशी झाली तेव्हा जयश्री म्हणाली, "अक्का, तुमची वेबसाइट हवी." जयश्री बँकेत अधिकारी, बाईंची जुनी शिष्या, आणि त्यांच्यासारखीच तंजावरी मराठी घरातली. बाजारातला सतीशकुमार वेबसाइट बनवून देत असे. बाईंनी त्याला आपले फोटो दिले, माहिती सांगितली. काम झाल्याचा निरोप आला. बाईंचा फोन साधा, बटणांचा. त्यांनी विश्वासानं 'बरं' म्हटलं.

मग एका सकाळी, आधी फोन करून, जवळच्या आडुतुरै गावाहून बाला नावाचा गृहस्थ मुलीला घेऊन आला. बसता बसताच म्हणाला, "हॉल बघून ठेवलाय, अम्मा. तीन महिन्यांनी ना?"

"कसला हॉल?"

"हिच्या पहिल्या कार्यक्रमाचा. तुम्हीच हमी दिलीय की!"

त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर, बाईंच्या नावाखाली, कुणी अनोळखी तरुणी हसत होती आणि तिच्या हातात सतार होती. बाईंचा फोटो कुठंच नव्हता. खाली ठळक अक्षरांत: 'तीन महिन्यांत रंगमंचावर! हमखास!' त्याखाली शिष्यांनी केलेली स्तुती. त्यांतल्या एकाही नावाची मुलगी बाईंच्या घरात कधी शिकली नव्हती.

"तीन महिन्यांत बोटं दुखायची थांबतात, फार तर," बाई कशाबशा म्हणाल्या.

मुलीनं मान खाली घातली. बाला उठला. "मग लिहिलं कशाला? ही शाळेत सगळ्यांना सांगून बसलीय."

"मी नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. पण तोवर तो गल्लीत पोहोचला होता. आणि नाव तर त्यांचंच होतं.

बाई तशाच सतीशकुमारच्या ऑफिसात गेल्या.

"वीणेच्या जागी सतार?"

"बघणाऱ्याला कुठं कळतं, अम्मा?" तो हसत तमिळमध्ये म्हणाला. "तुमच्या फोटोत वय दिसतं. आणि हमी सगळेच लिहितात. त्याशिवाय फोन कोण करणार?"

"खोटं बोलायचं तर स्वतःच्या नावानं बोला! माझं नाव कशाला घेता?"

त्यानं कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं. वर्ष सरेपर्यंत बदल होत नाही म्हणाला, नियम आहे.

बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. तिरुनागेश्वरमहून सेतू नावाचे लॉजवाले वेबसाइट करून घ्यायला आले, त्यांना बाईंनी आपणहून सांगितलं, "यानं माझ्या नावानं खोटी हमी छापली. तुम्ही अक्षर न् अक्षर वाचून घ्या." सेतू न बसताच परतले. साडीच्या दुकानाची मालकीण आली, तीही गेली. सतीशकुमार विनवू लागला, मग ओरडला. बाई हलल्या नाहीत. दुपारच्या जेवणाआधी त्यानं वेबसाइटचा पासवर्ड एका कागदावर लिहून त्यांच्यापुढं आपटला.

रविवारी जयश्रीनं लॅपटॉप उघडला. "आईबाप फोनवर पहिलं काय विचारतात, तेवढं सांगा."

वय किती हवं, वीणा विकत घ्यावी लागते का, वार कुठले, घर कुठं. एकेका प्रश्नाखाली दोन ओळींचं उत्तर. 'कार्यक्रम कधी?' याखाली बाईंनी लिहायला लावलं: 'काही वर्षांनी. हमी नाही.' फोटो त्यांचाच, चष्म्यासकट. आणि एका शिकवणीचं चित्रीकरण. त्यात शिष्या अडखळते, बाई तिचं बोट सरकवतात आणि "पुन्हा" म्हणतात.

"ही चूक कापू ना?"

"चूकच कापलीस, तर मी शिकवते काय ते लोकांस कसं दिसावं?"

बाईंनी बालाला फोन केला. त्यानं उचलला नाही. जयश्रीनं त्याला नवं पान पाठवलं. त्यानं ते पाहिलं, उत्तर दिलं नाही.

पहिला फोन आला सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या साईराम नावाच्या शेतकऱ्याचा. "ती पोरगी चुकली तरी तुम्ही रागावला नाहीत. माझी बोटं नांगर धरून जाड झालीत. चालतील?"

"मंगळवारी या. बघू."

फोन ठेवून बाई हसल्या. ते पाहून जयश्री म्हणाली, "झालं ना आता मनासारखं? सोडा तो राग, अक्का."

बाईंचं हसू मावळलं. "का सोडू? बालाच्या पोरीनं शाळेत जाऊन काय सांगितलं असेल, ते सांग मज."