पिशवीची घडी

आमच्या पिशवीवाल्या मॅडम दमायच्या मात्र मराठीत. मीटिंग इंग्रजीत, चिडणं इंग्रजीत, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं हिंदी, पण संध्याकाळी तीन जिने चढून आल्या की आमच्या चपलांच्या रॅकला टेकून "दमले गं बाई!" एवढं अगदी स्वच्छ म्हणायच्या. हे माझ्या आईकडून उचललेलं. नेदरलँड्सहून आलेल्या, पन्नाशीच्या, उंचच उंच मॅडम इंद्रलोक सोसायटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायच्या आणि मी त्यांच्याच हाताखाली नोकरी करायचे. म्हणजे दिवसभर साहेब, संध्याकाळी शेजारीण. सुटका अशी नाहीच!

काम सांगायला सोपं होतं. कंपनीच्या कापडी पिशव्या लोकांच्या हातात द्यायच्या आणि प्लास्टिकच्या सोडवायच्या. जाड सुती कापड, आत खिसा, करवंटीचं बटण. पिशवी खरंच देखणी. पहिलं वर्षभर फुकट वाटायच्या, सवय लागली की दुकानात विकायला ठेवायच्या, असा बेत होता. वर्ष संपताना हेड ऑफिसचे साहेब येऊन घरोघरी बघणार. पिशव्या वापरात दिसल्या तर काम पुढे चालू, नाहीतर ऑफिस बंद आणि मॅडम परत.

आणि मॅडमना परत जायचं नव्हतं. "तिकडे माझी वाट बघणारं कोणी नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "इथे निदान तुझी आई जेवलात का विचारते."

तसं इथे तरी त्यांना कुठे सुख होतं म्हणा! सकाळी तासभर पाणी यायचं. त्या गजर लावून उठायच्या, नळाखाली बादली लावून स्टुलावर बसायच्या आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. मग पाणी जिन्यावर, आणि खालच्या मजल्यावरून आरडाओरडा. परदेशी माणूस म्हणून कागदपत्रांचे हेलपाटे वेगळेच. भाडेकरारावर त्यांचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, गॅसच्या कार्डावर तिसरंच. सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे दोन तास उभं राहून त्या मला म्हणाल्या, "या आठवड्यात मी नक्की कोण आहे, मला माहीत नाही." मग चष्मा पुसून नेहमीचं वाक्य, "आज पुरे. उद्या बघू." हे मात्र मला फार आवडायचं. मीही तेव्हा नोकरी, घर आणि आईची औषधं यांत पार पिचून गेले होते.

दर महिन्याला त्या विचारायच्या, "लोकांना पिशव्या आवडल्या?" मी म्हणायचे, "फार आवडल्या." खोटं नव्हतंच ते. बायका पिशवी हातात घेऊन कापड चोळून बघायच्या, "किती गोड गं!" म्हणायच्या. आवडलेली वस्तू माणूस वापरतो, हे मॅडमच्या देशातलं गणित. आपलं गणित वेगळं, आणि ते मला माहीत होतं. कारण आमच्याच कपाटात, पैठणीच्या वर, ती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली होती.

"अगं, वापर की," मी आईला म्हटलं होतं.

"एवढी चांगली पिशवी बटाटे भरायला? वेडी की काय तू!"

हे मॅडमना सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण संध्याकाळचे सात वाजले की तोंड उघडायचाही कंटाळा यायचा. म्हटलं, उद्या सांगू.

साहेब आले. आमच्या विंगमधली सहा घरं बघितली. सहाही घरांत बायकांनी कौतुकाने कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला, आणि पिशवी बाहेर निघाली, कोरी करकरीत. "बघा, अजून घडीसुद्धा मोडली नाही!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अभिमानाने म्हणाल्या, आणि ते मला इंग्रजीत सांगावं लागलं. साहेब वहीत लिहीत गेले. तिसऱ्या घरानंतर मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

साहेब गेल्यावर जिन्यात त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आज पुरे," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात ऑफिस बंद करायचं पत्र आलं. आईला कळलं तशी ती रडायलाच लागली. "अहो, आम्ही तुमच्या वस्तूचा मान ठेवला हो!" मग तिने मॅडमना बसवून, मला इंग्रजीत सांगायला लावून समजावलं: नवी साडी आपण आधी नेसत नाही, जिवाभावाच्या बाईला नेसायला देतो, घडी तिच्या हातून मोडायची. सांगता सांगता ती उठली, कपाटातून पिशवी काढली आणि मॅडमच्या हातात दिली. "हिची घडी तुम्ही मोडा. मग मी रोज वापरते."

मॅडम खाली जाऊन तिच्यातून मेथी आणि बटाटे घेऊन आल्या. आईने ही गोष्ट विंगभर सांगितली आणि जी ती आपली पिशवी घडी मोडायला मॅडमकडे घेऊन आली. मग काय, वहिनींचे कांदे, तळमजल्यावरच्या काकूंचा दुधी, कुणाचं काय. सामान बांधायचं सोडून मॅडम जायच्या दिवसापर्यंत लोकांच्या भाज्या आणत होत्या. रॅकला टेकून "दमले गं बाई!" म्हणायच्या आणि हसायच्या. मला ते बघवत नव्हतं.

आता संध्याकाळी भाजीच्या गाड्यांवर त्याच पिशव्या दिसतात. मळलेल्या, बंद दोनदा शिवलेले, बटणं तुटलेली. मी फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला. आभार मानणारं दोन ओळींचं उत्तर आलं, विषय संपला आहे म्हणून.

जाताना मॅडमनी उरलेली शेवटची पिशवी मला दिली होती. गडबडीत मी ती तशीच कपाटात ठेवली. त्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, पण तोवर गाडी गेटबाहेर गेली होती. आई अजून ओरडते, "काढ की ती वापरायला!" मी म्हणते, उद्या. तिची घडी आता कुणाच्या हातून मोडू?