खाटेची लाल फीत

हिंदी मुलखातल्या आमच्या सरकारी दवाखान्याचा कारभार सरकारने नेमलेल्या एका समितीकडे गेला तेव्हा आधी भिंतींना रंग लागला आणि मग आमची पाळी आली. बायकांचे दोन वॉर्ड एक करायचे, रिकाम्या वॉर्डात प्रायव्हेट खोल्या काढायच्या आणि उरलेल्या सिस्टरांना ‘सरप्लस’ ठरवून लांबच्या तालुक्यात धाडायचं, असं ठरलं होतं. यादी मेट्रन करणार होती.

मी मुळात भांडखोर. टॉवर चौकातले भाजीवाले मला बघून आपणहून भाव उतरवायचे. पण नवऱ्याची मिल बंद पडलेली, मुलगी दहावीला, आणि घर माझ्या एकटीच्या नोकरीवर उभं. त्या यादीचं कळल्यापासून मी अगदी शेळी झाले. मेट्रन समोरून आली की उगाच टोपी सारखी करायची, कुठलंही काम सांगितलं की आधी ‘हो मॅडम’ म्हणायचं. माझी मलाच लाज वाटायची.

आमच्या वॉर्डात एक जुनी रीत होती. पेनिसिलिन द्यायच्या आधी हातावर टेस्ट करायची आणि तिथे गांध उठली, तर फायली बांधायची लाल फीत खाटेच्या पायथ्याला बांधायची. फीत दिसली की ते इंजेक्शन नाही. केसपेपर शोधत बसायला वेळ कोणाला होता? कितीतरी वर्षं त्या फितीवर आमचं बिनबोभाट चाललं होतं.

वॉर्ड एक झाले त्या दिवशी आमचे पेशंट चालत, स्ट्रेचरवरून, सुनांच्या खांद्याला धरून दुसऱ्या वॉर्डात आणले. त्या गडबडीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही की फीत खाटेला बांधलेली असते, माणसाला नाही. खाटा जुन्या वॉर्डातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस खाटा आणि मी एकटी. भैरवगढची एक म्हातारी होती, कापड रंगवणाऱ्यांच्या घरातली. पायावर उकळता रंग सांडून भाजलेली, नखं निळीकाळी. तिची टेस्ट माझ्या सुट्टीच्या दिवशी झाली होती. तिचा जुना केसपेपर तिकडच्या कपाटात राहिला आणि नव्या डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर पेनिसिलिन लिहून दिलं. मी खाटेचा पायथा पाहिला. फीत नव्हती. मी सुई टोचली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

“सिस्टर, गला बंद हो रहा है,” म्हातारी म्हणाली. सावकाश, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगत होती.

तिचे ओठ सुजायला लागले होते. मी ट्रे चाचपला. अशी रिअॅक्शन आली की द्यायचं अॅड्रिनलिन नव्हतं. तेही जुन्या वॉर्डाच्या कपाटात. मी धावले. मधल्या गल्लीत रंगारी शिडी लावून उभा होता, त्याला ढकलून गेले. कुलपात एकामागून एक किल्ल्या घालून पाहिल्या. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे म्हातारी नव्हती, यादी होती. परत आले तेव्हा ती निळी पडत चालली होती. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले. बऱ्याच वेळाने तिचा श्वास मोकळा झाला. तिची सून माझे पाय धरायला लागली, “दीदी, आपने बचा लिया.” मी पाय मागे घेतले.

मेट्रनला मी सगळं सांगितलं. ती आमच्यासारखीच इथली मराठी बाई, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. तिने दार लावून घेतलं.

“बाई, हे कागदावर येऊ देऊ नकोस. आलं तर समितीला बहानाच मिळून जाईल. तू जाशील, मी पण जाईन.”

“मॅडम, पण तिच्या कागदावर तर लिहावं लागेल. पुढे कोणी...”

“पेनिसिलिन लिहिलं, तर दिलं कोणी, हे विचारणारच ना?”

डॉक्टरही नवे, तेही घाबरलेले. पेनिसिलिनचा कागद बदलून नव्यावर लिहिलं गेलं, ‘अचानक घबराहट, उपचारानंतर ठीक.’ तिचा जुना केसपेपर मेट्रनने स्वतः नेला. तो कुठे गेला, मी विचारलं नाही.

आठवड्याने म्हातारी घरी निघाली. डिस्चार्जचा कागद स्वच्छ होता. उद्या पाय चिघळला, गल्लीतल्या कुठल्याही डॉक्टरने तेच औषध भरलं, तर अॅड्रिनलिन आणायला तिथे कोण धावणार? मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेले. सुनेला बाजूला घेऊन म्हटलं, “इनको पेनिसिलिन कभी मत लगवाना. जहाँ भी जाओ, पहले यही बोलना.”

तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना. सासूला टेम्पोत बसवलं आणि डिस्चार्जचा कागद माझ्यापुढे धरला.

“इस पर लिख दो ना, दीदी. मैं तो भूल जाऊँगी.”

पेन माझ्या खिशातच होतं. मागे व्हरांड्यात मेट्रन उभी होती.

“नहीं भूलोगी,” मी म्हटलं.