वाऱ्याकडची भिंत

आरोंद्यात खाडीवरून पाऊस सरळ पडतच नाही. मेला आडवा येतो आणि पश्चिमेची मातीची भिंत फोडून काढतो. म्हणून वैशाखात त्या भिंतीला चुडतं बांधायची, म्हणजे नारळाच्या झावळ्या भिजवून, विणून, त्यांचा पडदा करायचा. तुळसावैनींच्या घरी विणायच्या त्या स्वतः, आणि बांधायला यायचा वाडीतला भिकाजी.

दोन दिवसांचं काम. पण त्या दोन दिवसांत शिडीवरून अख्खा गाव खाली उतरायचा! कोणाचं लग्न जुळलं, कोणाची म्हैस व्याली, कोण मुंबईहून येऊन तोंड फुगवून परत गेलं. दुपारी पेज, सुकट, फणसाची भाजी. नवरा गेल्यापासून वैनींच्या घरात एवढं बोलणं वर्षातून तेवढंच व्हायचं. एरवी कोण येतंय? गॅसवालासुद्धा खालच्या रस्त्यावरूनच हॉर्न मारतो. आणि भिकाजीनं तरी उगाच कसं यावं? एकट्या बाईच्या घरी बिनकामाचा पुरुष दिसला की वाडीच्या जिभेला हाड राहत नाही.

गेल्या साली मुंबईहून दीपेशचा फोन आला. "आये, दरवर्षाची ही कटकट कित्याक? एकदाच पत्रो मारून टाकूया."

लेक चांगल्यासाठीच म्हणत होता. 'अरे बाबा, माका कटकट होयी आसा,' ती कटकटच तर हवी आहे, असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? सुनेने, दिव्याने, मोबाईलवर रंग दाखवले. लाल, निळा, हिरवा. वैनी म्हणाल्या, "हिरवो बरो." चुडतं पहिले चार दिवस हिरवी असतात, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सावंतवाडीहून दोघे आले. घर्र घर्र मशीन चालवून दोन तासांत पत्रे मारून मोकळे. वैनींनी चहा टाकला तर "नको आजी, घाई आहे." पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. भिंत पावसाळाभर कोरडी ठणठणीत राहिली. वैनी मात्र कोणाशी बोलावं म्हणून कोंबड्यांवर खेकसत राहिल्या.

यंदा वैशाख लागला आणि हातांनी घात केला. सवयीने वैनींनी झावळ्या खाडीत भिजत घातल्या, सवयीनेच विणायला बसल्या. तीस चुडतं विणून झाली. मग मान वर केली तर समोर हिरवा पत्रा.

"अगो बाये, पिशी झालंय काय मी!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

तेवढ्यात खालच्या पाणंदीतून भिकाजी चालला होता. खांद्यावर सुंभाची गुंडी, हातात कोयता, दुसऱ्या कोणाच्या तरी भिंतीला. वर बघितलं नाही त्याने. वैनींनी डोळे पुसले आणि हाक मारली. "भिकाजी! रे भिकाजी! वर ये जरा."

तो अंगणात आला. चुडतांचा ढीग बघितला, पत्रा बघितला.

"पत्रो तापता रे," वैनी म्हणाल्या. "वरसून चुडतां बांध."

भिकाजीने पत्र्याला हात लावून बघितला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "सकाळचो पत्रो खंय तापता, वैनीनू? आणि पत्र्यार चुडतां बांधलंय तर लोक हसतले."

"हसांदेत," वैनी म्हणाल्या. "हसाक तरी येतले."