डोळ्यांखालची अलाबला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मला घाबरवणारी एकच गोष्ट जगात आहे – आमच्या ह्यांच्या ऑफिसातून येणारी बदलीची ऑर्डर. त्यापायी बरीच गावं हिंडून आम्ही आता कित्येक वर्षं दिल्लीत, द्वारकेच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतो. समोर मेट्रो, डोक्यावर सारखी विमानं... इथे माणसांना झोप लागत नाही, भुताला काय लागणार!

मागच्या वर्षी माझी भाची सायली आमच्याकडे राहायला आली. मूळची लातूरची, इथे दिल्लीतच राजेंद्र नगरला खोली घेऊन सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी करत होती. शेवटचा अटेम्प्ट, आणि पहिल्यांदाच इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेली. दार उघडलं तर डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

"अगं, अभ्यास करतेस की कोळसा फोडतेस?"

ती हसली नाही. "झोप नाही गं मावशी. डोळे मिटले की कोणीतरी डोळ्यांखालून बोट फिरवतं. काजळ घालतात ना, तसं. गार बोट असतं."

मी गॅसेसचं निदान करून ओवा दिला. आमच्या घरात सगळ्यावर तेच निदान असतं.

इंटरव्ह्यूच्या सकाळी ती साडी नेसून तयार झाली, पण चेहरा तापातून उठल्यासारखा. "हिला जिल्हा काय झेपणार, असंच वाटेल त्यांना," म्हणाली आणि डोळे भरून आले. मग मी माझ्या लेकीचं, जुईचं, मेकअपचं पाऊच काढलं. जुई कॉलेजात आहे, दिल्लीत वाढलेली. तिची नेलपॉलिश ओली होती, म्हणून हात माझे आणि हुकूम तिचे.

"आई, पहले ऑरेंजवालं, त्याने काळं दबतं. आता कन्सीलर. घासू नको यार, कढई आहे का ती? रिंग फिंगरने टॅप कर."

मी बोट टेकवलं आणि सायलीने माझं मनगट धरलं. "असंच," ती हळूच म्हणाली. "अगदी असंच असतं ते."

तिचा चेहरा गरम होता. डोळ्यांखालची कातडी तेवढी फ्रीजमधल्या बाटलीसारखी गार.

तरी लावलं. काळं झाकलं गेलं, आणि पोर इतकी गोड दिसायला लागली की सवयीने माझे हात तिच्या गालांवरून फिरले आणि मी स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"हे काय असतं?" जुईने विचारलं.

"अलाबला काढली तिची."

"काढून जाते कुठे?"

"कुठे जाणार? काढणाऱ्याकडे."

"मतलब डिलीट नाही होत. ट्रान्सफर होते."

आम्ही तिघी हसलो. ट्रान्सफर या शब्दावर हसायची आमच्या घराला सवयच आहे.

सायली इंटरव्ह्यू देऊन आली आणि सोफ्यावर आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. तोंड धुतलं, कन्सीलर गेलं... खाली काळं नव्हतंच. टॉवेल हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुला बरं नाही का?"

मी आरशात पाहिलं. माझ्या डोळ्यांखाली पिशव्या आहेत, संसारात कमावलेल्या, त्या मी ओळखते. ही वर्तुळं माझी नव्हती. डावं जरा मोठं, नाकाशी टोक आलेलं... सायलीचं होतं तसं.

त्या दुपारी पडले, डोळे मिटले. आणि बोट आलं. गार, सावकाश.

मग डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. सायलीची निवड झाली, ती ट्रेनिंगला गेली. तिला मी काही बोलले नाही. हे म्हणाले, "वय झालं तुझं." झोपेशिवाय महिने गेले.

मग एका संध्याकाळी मला हळदीकुंकवाला जायचं होतं. जुईने मला खुर्चीत बसवलं. "आज मी लावते." तिने छान लावलं, जरा मागे होऊन पाहिलं. "गोड दिसतेस हं, आई." आणि तिचे हात माझ्या गालांवरून फिरले. जिला अर्धे मराठी शब्द येत नाहीत, तिला एकदा बघितलेलं हे मात्र बरोबर लक्षात होतं. कानशिलांपर्यंत पोचायच्या आत मी तिची दोन्ही मनगटं पकडली.

"नको. माझी नको घेऊस."

"आई, दुखतंय. सोड ना."

तिचे हात माझ्या हातात होते. सगळी बोटं सरळ, माझ्या डोळ्यांसमोर. तरीही बोटं मोडल्याचा आवाज आला – कडाकडा – तिच्या कानशिलांजवळून.

"काय वाजलं?" जुई म्हणाली.

तेव्हापासून मला गाढ झोप लागते. हे काय आहे, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळत असेल तर कृपा करून सांगा, मी आता कशालाही हसणार नाही. कारण जुई हल्ली मेकअप करूनच खोलीबाहेर येते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. काल विचारलं, "झोप लागते ना गं?"

"बिल्कुल," ती म्हणाली.

मी तिच्या गालाकडे हात नेला, तर ती हसत हसत मागे सरकली, आणि माझा हात पोचणार नाही इतकी लांब उभी राहिली.