गुरुवारची उपासना

गुरुवार, जून १९९९. दौंडच्या चर्चमध्ये संध्याकाळी सहा वाजता हजर : पाळक, चर्चची देखभाल करणारे आप्पा आणि मी. यायचे होते आणखी अकरा जण. त्यांत माझा मुलगा.

विजेच्या वाटणीमुळं कुरकुंभच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी आमची तरणी माणसं मशीनवर आणि बाकांवर आम्ही पन्नाशीची. म्हणून गुरुवारी उपासना ठेवा, अशी सूचना मीच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बैठकीत मांडली. मी शाळेत शिकवते; मेच्या सुट्टीत महिनाभर घरोघर गेले. सकाळी झोप, दुपारी बाजार, म्हणून सहाची वेळ काढली. प्रत्येक जण म्हणाला, "येतो की, बाई." एकानंही नाही म्हटलं नाही. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

साडेसहाला आप्पांनी विचारलं, "बाई, पेटी उघडू का ऱ्हाऊ दिऊ?"

"उघडा," पाळक म्हणाले.

गीताच्या दुसऱ्या कडव्याला माझ्या एकटीचाच आवाज उरला. पाळकांनी लिहून आणलेलं प्रवचन पुरं केलं. मध्ये दोनदा ते "तरुणांनो" म्हणाले.

घरी आले तर मुलगा अंगणात मोटारसायकल धूत होता.

"विसरलास?"

"न्हाई. ध्यानात होतं. किती आले?"

"तिघं."

"म्हंजी तुम्हीच तिघं." तो हसला. "आई, तू आमच्या टाइमकीपरवर ताण हायेस. तिथंपण मस्टर घेऊन बसलीस?"

"कंपनीत कुणी बोलतं का तुला? ख्रिस्ती म्हणून?"

"कोण बोलतंय? नाताळला केक मागतात, गणपतीला मी आरतीला उभा राहतो. संपलं. कुणी जाऊ नको म्हटलं असतं ना, तर हट्टानं आलो असतो."

त्यानं उरलेलं पाणी चाकांवर ओतलं आणि आत गेला.

माझ्या लहानपणी शाळेत पोरी 'बाटगी' म्हणून चिडवायच्या. त्यावरची उत्तरं मला तोंडपाठ होती, आणि त्यालाही मी तीच शिकवली होती. त्याला ती एकदाही लागली नव्हती.

आणखी तीन गुरुवार आम्ही चर्च उघडलं, मग गुरुवारची उपासना बंद केली. अकरा जणांपैकी कुणी विचारलंही नाही.

पुढं मुलगा नोकरी बदलून शिरूरला राहायला गेला. त्या कंपनीला सुट्टी रविवारची. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पहिल्याच रविवारी आमची उपासना आटोपून सकाळी दहाला, तिकडच्या उपासनेच्या वेळी, मी फोन केला. त्यानंच उचलला, आवाज झोपेतला होता. नंतरच्या रविवारीही तोच उचलायचा. मग मी रविवारचा फोन करणं सोडलं.

सभासद गावाबाहेर गेला की त्याच्या नावाचं पत्र तिकडच्या मंडळीला द्यायचं, नाहीतर नाव यादीतून कमी करायचं, असा आमचा नियम. मंडळीची सचिव मीच. त्याचं पत्र मी लिहून, पाळकांची सही घेऊन ठेवलं आहे. पाऊस, गॅसचा नंबर, नातीची परीक्षा, सगळं आम्ही फोनवर बोलतो. पत्र पाठवू की नाव कमी करू, हे त्याला अजून विचारायचं आहे.